टाळेबंदीत राहून गेलेली दुखणी



नोव्हेंबर २०२० मधली गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती. घाटाखालच्या एका गावातून बावन्न वर्षांच्या एक मावशी ओपीडीत आल्या. सोबत सून होती. काय त्रास होतो असं विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही बाई, थोडं अंगावर जाते." पाळी बंद होऊन किती वर्षं झाली? "चार तरी झाली असतील." आणि हे अंगावर जाणं कधीपासून? मावशींनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "गुढीपाडव्यापासून."

तुम्हाला आठवत असेल, २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी सुरू झाली. म्हणजे पाळी पूर्ण बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव सुरू होऊन जवळजवळ आठ महिने उलटले होते. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं तरी तपासणी करायची असते, त्यात थांबायचं नसतं. मावशी आठ महिने थांबल्या.

का थांबलात, असं मी विचारलं. त्यांनी तीन कारणं सांगितली. आधी एसटी आणि काळी-पिवळी बंद होती. मग गावात बोलणं सुरू झालं की दवाखान्यात गेलं की कोरोनात टाकतात, घरी परत येऊ देत नाहीत. आणि तिसरं कारण त्यांनी अगदी सहज सांगितलं: "घरात सगळेच होते ना बाई. मला कुठं टाइम होता?"

हे तिसरं कारण मी विसरू शकलेले नाही. घरातली सगळी माणसं घरी होती, म्हणून घरातल्या बाईला दवाखान्यात जायला वेळ नव्हता. आजचा लेख त्यावरच आहे.

मावशींच्या तपासणीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला. पुढे त्यांचे उपचार झाले. आठ महिने आधी आल्या असत्या तर हे उपचार कदाचित सोपे झाले असते, एवढंच मी प्रामाणिकपणे म्हणू शकते. आणि प्रामाणिकपणाचाच विषय आहे तर हेही सांगते, की त्या एप्रिलमध्ये तीन आठवडे माझाही दवाखाना बंद होता. पीपीई किट मिळत नव्हतं, घरात वयस्कर सासूबाई होत्या, आणि मला भीती वाटत होती. त्या तीन आठवड्यांत माझ्या बंद दारावरून कोण परत गेलं, हे मला कधीच कळणार नाही.

टाळेबंदी चुकीची होती का?

माझं तसं म्हणणं नाही. मार्च २०२० मध्ये लस नव्हती, औषध नव्हतं, खाटा अपुऱ्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या बुलडाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला आणि सगळा जिल्हा हादरला. लोकांनी घरात थांबणं त्या वेळी गरजेचं होतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. "घरी राहा, सुरक्षित राहा" हे वाक्य लिहिताना घर ही एकच वस्तू आहे आणि ती सगळ्यांसाठी सारखीच आहे, असं आपण गृहीत धरलं. घर चालवायला कुणाचे तरी हात लागतात. ते हात किती थकले, त्या अंगात रक्त किती उरलं, त्या बाईची पाळी चुकली तर ती कुठे जाणार, हे प्रश्न त्या वाक्यात नव्हतेच.

काही वाचक म्हणतील, "मॅडम, कोरोनानं पुरुष जास्त दगावले, नोकऱ्या पुरुषांच्याही गेल्या." दोन्ही खरं आहे. पुरुषांचं दुःख लहान होतं असं मी म्हणत नाही. पण पुरुषांचे मृत्यू आणि नोकऱ्या मोजल्या गेल्या, बायांची राहून गेलेली दुखणी फारशी कुणी मोजली नाहीत. जे मोजलं जात नाही, त्याची पुढच्या वेळी तयारीही होत नाही.

काम थांबलं नव्हतं, वाढलं होतं

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आदल्याच वर्षी, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, म्हणजे जवळपास पाच तास. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं देत होते. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या, पुरुष फक्त २६ टक्के. ही टाळेबंदीच्या आधीची, नेहमीच्या दिवसांची स्थिती आहे.

आता त्यात टाळेबंदी मिळवा. पुण्या-मुंबईहून, सुरतहून मुलगा, सून, नातवंडं गावी परतलेली. शाळा बंद, म्हणजे पोरं दिवसभर घरात आणि शाळेतली खिचडीही बंद. दोन वेळचा स्वयंपाक चार वेळचा झाला. "वारंवार साबणानं हात धुवा" हे बरोबरच होतं, पण एप्रिल-मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाणी टँकरनं येतं. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असलं तरी ते खारं. दहा माणसांनी दिवसातून दहा वेळा हात धुवायचे, तर ते पाणी कुणी वाहून आणलं? टँकरवरच्या रांगेत सहा फुटांचं अंतर कसं पाळलं गेलं असेल, ते तुम्ही पाहिलंच आहे.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. मार्चअखेर कापसाची खरेदी थांबली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांचा कापूस घरातच पडून होता. ज्या खोलीत कापूस, त्याच खोलीत झोपणं. दोन महिने घरात कापूस राहिला की अंगाला खाज सुटते, बारीक पुरळ उठतात. घर झाडणारी आणि कापसाची उचल-ठेव करणारी बहुधा बाईच. उन्हाळ्यात फोनवर मला सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न कोरोनाचा नव्हता. "अंगाला खाज सुटली, काय लावू?" हा होता.

अंगातलं रक्त

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. देशभरातल्या वाहिन्यांनी ते दाखवलं, तज्ज्ञांनी नमुने नेले, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे असं झाल्याचा उलगडाही झाला. त्याच महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या बायांच्या पापण्या खाली ओढून पाहिलं, तर आतली बाजू पांढरीफट्ट दिसत होती. त्याची बातमी झाली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीसाठी महाराष्ट्रातली माहिती २०१९ च्या उत्तरार्धात गोळा झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे टाळेबंदी लागली तेव्हाच आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी होतं.

रक्त कमी म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घ्या. हिमोग्लोबिन हा रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि गरोदर बाईचं ११ च्या वर असायला हवं. ते कमी झालं की दम लागतो, छातीत धडधडतं, पाय ओढल्यासारखे होतात, चिडचिड होते, केस गळतात. गरोदरपणात ते फार कमी असेल, तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

टाळेबंदीत हे का वाढतं? सरकारनं एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत दिलं. त्यामुळे कितीतरी घरांत चूल पेटली, हे मान्यच करायला हवं. पण त्यात बहुतेक तांदूळ होता, आणि नुसत्या भातानं रक्त भरत नाही. त्यासाठी डाळ, उसळ, पालेभाजी, तीळ, जमत असेल तर अंडी लागतात. मजुरी बंद असताना भाजी आणि डाळच आधी कमी होते. आणि जी कमी होते ती कुणाच्या ताटातून, हे मी सांगायला नको. शेवटी जेवायला बसते तिच्याच ताटातून.

लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. पण त्या दिवसांत आशाताई बाहेरगावाहून आलेल्यांच्या याद्या करत होत्या, घरोघरी ताप तपासत होत्या. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तिचा भारही त्यांच्यावरच पडला. एक आशाताई किती कामं करणार? शिवाय त्याही बायाच आहेत, त्यांच्याही घरी चूल आहे. केंद्राकडून त्यांना या जादा कामाचे महिन्याला १,००० रुपये मिळत होते. दिवसाचे किती होतात, ते तुम्हीच काढा.

पाळी, दिवस जाणं आणि नको असलेले दिवस

टाळेबंदी लागली तेव्हा किराणा आणि औषधं सुरू राहिली, पण सॅनिटरी पॅड जीवनावश्यक आहेत की नाहीत याबद्दल गोंधळ होता. केंद्रीय गृह मंत्रालयाला २९ मार्चला खुलासा करावा लागला, की किराण्यात स्वच्छतेच्या वस्तू आणि सॅनिटरी पॅडही येतात. चार दिवसांत खुलासा झाला हे चांगलं. पण पहिली यादी करताना ते आठवलं नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

त्या काळात कितीतरी मुली आणि बाया सांगत, "पाळी पुढे-मागे होतेय." ताण, झोपमोड, जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि वाढलेलं किंवा घटलेलं वजन यांचा मेंदूतून पाळीला मिळणाऱ्या संदेशांवर परिणाम होतो. त्यामुळे एखादी पाळी लांबणं शक्य असतं. पण दर वेळी "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. तीन महिने पाळी आली नाही, दर तासाला पॅड बदलावं लागतं, किंवा संबंधानंतर रक्त जातं, तर तपासणी हवीच.

आता गर्भनिरोधकांबद्दल. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. जानेवारीत घेतलेल्या बाईची पुढची तारीख एप्रिलमध्ये आली आणि एप्रिलमध्ये सगळंच बंद. चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला, तर आधी दिवस गेलेले नाहीत ना हे पाहावं लागतं. कुटुंबनियोजनाची शिबिरं थांबली, तांबी बसवणं लांबलं. नवरा चोवीस तास घरात आणि साधन हातात नाही. परिणाम काय होणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

नको असलेला गर्भ राहिला तर? आरोग्य मंत्रालयानं १४ एप्रिल २०२० रोजी अत्यावश्यक आरोग्यसेवा सुरू ठेवण्याच्या सूचना काढल्या होत्या. पण कागदावर सेवा सुरू असणं आणि तिथपर्यंत बाईनं पोहोचणं यात पन्नास किलोमीटरचं अंतर असतं. आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजानुसार, टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशातल्या सुमारे १८ लाख ५० हजार स्त्रियांना हवा असलेला गर्भपात वेळेवर किंवा हव्या त्या ठिकाणी मिळू शकला नाही.

मग काय होतं? कुणीतरी दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणून देतं. मी हात जोडून सांगते, तपासणीशिवाय या गोळ्या घेऊ नका. गर्भ पिशवीत आहे की नळीत, किती आठवड्यांचा आहे, बाईच्या अंगात रक्त किती आहे, हे आधी कळलं पाहिजे. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो.

आणि हेही लक्षात ठेवा: गर्भपात कायदेशीर आहे, सरकारी रुग्णालयात तो मोफत होतो, आणि बाई १८ वर्षांवरील असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्यानं लागत नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही विशिष्ट परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मतानं, ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत आहे.

बंद दाराआड

२०२० साली राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या. सहा वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा. त्यातल्या ५,००० हून अधिक तक्रारी घरगुती हिंसाचाराच्या होत्या. टाळेबंदीत टपालानं तक्रार पाठवणं कठीण आणि घरातला फोन नवऱ्याच्या हातात, म्हणून आयोगाला एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲप नंबर सुरू करावा लागला.

हे आकडे म्हणजे फक्त बोलू शकलेल्या बाया. आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारातली एक नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसलेली आहे, आणि हीसुद्धा कोरोनाच्या आधीची आकडेवारी. एरवी अशी बाई चार दिवस माहेरी जाते. शेतात, निंदणीला, कपाशी वेचायला गेली की सोबतच्या बायांशी बोलते. आठवडी बाजारात बहीण भेटते. टाळेबंदीनं माहेर, शेत आणि बाजार या तिन्ही वाटा एकदम बंद केल्या.

डॉक्टर म्हणून मी एक शिकले. मार खाल्लेली बाई "मला मारलं" म्हणून येत नाही. ती डोकेदुखी घेऊन येते, झोप येत नाही म्हणते, कंबर दुखते म्हणते, "न्हाणीत पाय घसरला" म्हणते. त्या वर्षी न्हाणीत पाय घसरलेल्या बाया जरा जास्तच आल्या. आणि नवरा सोबत असायचा, तोच उत्तरं द्यायचा. आता मी नियमच केला आहे. तपासताना दोन मिनिटं बाई एकटी पाहिजे, बाकी सगळे बाहेर.

मुली आणि एकट्या राहिलेल्या बाया

शाळा बंद, उत्पन्न बंद, आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. काही घरांत हिशेब मांडला गेला की आत्ताच उरकलं तर कमी खर्चात होईल. मुलगी सोळा वर्षांची, ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल एकच आणि तो भावाकडे. महाराष्ट्रात आधीच २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, जिथे दर १२ जानेवारीला आपण जिजाऊंना वंदन करायला जातो, तिथे तरी हा हिशेब व्हायला नको होता. अठराच्या आतलं बाळंतपण म्हणजे कमी वजनाचं बाळ, वाढलेलं बीपी आणि अडलेली प्रसूती यांचा वाढलेला धोका. लग्नात वाचलेले पैसे इथे जातात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्ण पुन्हा वाढले, निर्बंध परत आले आणि पाठोपाठ दुसरी लाट आली. तिनं कितीतरी घरांतले कर्ते पुरुष नेले. मागे राहिली पस्तीशीतली बाई, दोन मुलं आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते. अशा बायांसाठी राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' सुरू केलं, मृताच्या वारसाला ५०,००० रुपयांचं सानुग्रह साहाय्य ठरलं. ते मिळालं तिथे आधार झाला. पण कागद जमवायला तहसीलला किती चकरा झाल्या, आणि त्या चकरांच्या मागे तिचं बीपी कधी तपासलं गेलं का, हा माझा प्रश्न आहे. नवरा गेलेल्या बाईची झोप उडणं, भूक जाणं, सतत छातीत धडधडणं याला "दुःख आहे, जाईल हळूहळू" म्हणून सोडायचं नसतं. त्यावर उपचार आहेत.

हे नवं नाही

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात मध्य प्रांत व वऱ्हाडला, म्हणजे आपल्या भागाला, देशात सर्वांत जबर फटका बसलेल्या प्रांतांमध्ये गणलं जातं. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. त्या काळच्या निरीक्षकांनी दिलेलं एक कारण असं, की घरातलं रोजचं काम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा स्वतः आजारी असतानाही बायांनाच करावी लागत होती. त्याच्याही आधी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. साथ कोणतीही असो, शुश्रूषेचं काम बाईकडे येतं. शंभर वर्षांनी औषधं बदलली, ही वाटणी बदलली नाही.

मग करायचं काय?

तिन्ही बाजूंनी सांगते.

घरातल्या माणसांनी:

१. घरातल्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन आणि बीपी वर्षातून एकदा तपासा. चाळिशीनंतर शुगरही. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं.

२. पाणी भरणं, भांडी, आजाऱ्याजवळ बसणं यात पुरुषांनी हात लावायचा. ही मदत नाही, वाटणी आहे.

३. लोहाची गोळी चहासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या. आणि बाईला सगळ्यांसोबत जेवायला बसवा.

४. मुलीचं लग्न अठराच्या आत ठरत असेल, तर १०९८ वर कुणीही कळवू शकतं.

बायांनी, माझ्या ताया-मावश्यांनी:

१. पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, स्तनात गाठ, दुर्गंधीयुक्त पांढरं पाणी, संबंधानंतर रक्त, यांपैकी काहीही असेल तर "पाहू पुढे" म्हणू नका. टाळेबंदीत असं काही सुरू होऊन राहून गेलं असेल, तर आत्ता या. उशिरा आलात म्हणून मी रागावणार नाही.

२. मारहाण होत असेल तर १८१, १०९१ किंवा ११२ हे नंबर पाठ करून ठेवा. सरकारी रुग्णालयात जखमांची नोंद करून घेणं हा तुमचा हक्क आहे.

३. मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. पैसे लागत नाहीत.

प्रशासनानं आणि आम्ही डॉक्टरांनी:

पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण येईल. तेव्हा पहिल्या दिवशीच्या यादीत बाळंतपण, गर्भनिरोधकं, गर्भपात, सॅनिटरी पॅड आणि लोहाच्या गोळ्या असायला हव्यात. गरोदर बाईला १०२ ची गाडी अर्ध्या तासात मिळाली पाहिजे आणि नाक्यावर तिची अडवणूक होता कामा नये. आशाताईंच्या जादा कामाला योग्य मोबदला हवा. निर्बंधांचे आदेश काढणाऱ्या बैठकीत प्रसूतितज्ज्ञ, महिला संरक्षण अधिकारी आणि एक तरी आशाताई बसलेली हवी. आणि आम्ही खासगी डॉक्टरांनी दार बंद करण्याआधी निदान एक फोन नंबर दारावर लावायला हवा. मी तेव्हा तोही लावला नव्हता.

ज्या मावशींपासून सुरुवात केली, त्या नंतर तपासणीला येत राहिल्या. एकदा मी विचारलं, "आता घरात काम कोण करतं?" त्या हसल्या. "सून करते. पण पोराले बी लावलं आता पाणी भराले. म्हटलं, मी मेली असती तं भरलंच असतं ना."

तुमच्या घरात कुणी गुढीपाडव्यापासून काही अंगावर काढत असेल, मग तो कोणत्याही वर्षाचा गुढीपाडवा असो, तर आज संध्याकाळी तिला विचारा. आणि ती "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.

काळजी घ्या.